कलम ४ मधली ‘कोणतीही व्यक्ती’

भाष्यासाठी घेतलेला पाठ लहान आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याचे कलम ४. पोटकलमे दोन, वाक्येही दोनच. या अधिनियमाला १३ सप्टेंबर २००५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. वकील मंडळी हा कायदा कलम १२ पासून वाचायला घेतात, कारण दंडाधिकाऱ्याकडे अर्ज तिथे करायचा असतो. तू मात्र कलम ४ पासून सुरुवात कर. कलम १२ पीडितेसाठी आहे, कलम ४ तिच्या शेजाऱ्यासाठी. अकोले तालुक्यातल्या राजूरसारख्या गावात घरातला आवाज आधी शेजाऱ्याला ऐकू जातो, कायद्याला फार उशिरा.

मूळ पाठ इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ मराठीत असा उतरतो.

पोटकलम (१): ‘कौटुंबिक हिंसाचाराचे कृत्य घडले आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे मानण्यास ज्या कोणत्याही व्यक्तीला कारण असेल, तिला त्याबाबतची माहिती संबंधित संरक्षण अधिकाऱ्याला देता येईल.’

पोटकलम (२): ‘पोटकलम (१) साठी जी व्यक्ती सद्भावनेने माहिती देईल, तिच्यावर ती माहिती दिल्याबद्दल कोणतेही दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येणार नाही.’

आता शब्द सुटे करून पाहू.

‘कोणतीही व्यक्ती’. म्हणजे कोण? पाठ नाते विचारत नाही, जात विचारत नाही, गावातले स्थान विचारत नाही. पीडितेच्या माहेरचे लोक यात येतात आणि सासरचेही. सासूच्या मारहाणीची माहिती नणंद देऊ शकते. आशाताई, अंगणवाडी सेविका, पिठाच्या गिरणीवाला, आश्रमशाळेतल्या पोराचा मास्तर, सगळे यात आले. ज्याने मारताना डोळ्यांनी पाहिले तोच, अशी अट नाही. पीडितेने ‘सांग’ म्हटले पाहिजे, अशीही अट या वाक्यात नाही. तिच्या इच्छेला पुढे कलम ९ मध्ये जागा दिली आहे, तिकडे आपण येऊच.

येथे शंका येते. ज्या बाईला मार बसतो तिने स्वतः बोलावे, तिऱ्हाइताला अधिकार देण्याचे कारण काय? याचे उत्तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत सापडते. देशभरात ज्या स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली, त्यांतल्या सुमारे १४ टक्क्यांनीच कुठे मदत मागितली होती. सुमारे ७७ टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कुणाजवळ बोलल्या. महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी चारांत एक नवऱ्याच्या हिंसेला सामोरी गेली आहे, असेही हीच पाहणी सांगते. जिथे इतक्या जणींची तोंडे बंद आहेत तिथे फक्त तिच्या तोंडावर विसंबणारा कायदा कागदावरच राहील. म्हणून संसदेने दार रुंद ठेवले. ‘कोणतीही’ हा शब्द सैल लिहिला गेलेला नाही, जाणूनबुजून रुंद ठेवलेला आहे.

‘कौटुंबिक हिंसाचाराचे कृत्य’. हे शब्द कळायला कलम ३ जवळ घ्यावे लागते. तिथे चार प्रकार दिले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. पहिल्या प्रकाराबद्दल फार सांगायला नको. वळ दिसतो. ‘विहिरीच्या पायरीवरून पडले’ असे सांगणारी बाई पडलेली नाही, हे नळावरच्या साऱ्याजणींना ठाऊक असते. शाब्दिक प्रकारात पाठाने एक गोष्ट मुद्दाम नाव घेऊन सांगितली आहे: मूल नाही, किंवा मुलगा नाही, म्हणून केलेला अपमान आणि हेटाळणी. म्हणजे ‘वांझ’ म्हणून चारचौघांत हाक मारणे हा स्वभावाचा दोष म्हणून सोडून द्यायचा विषय राहिलेला नाही, ते कलमात बसणारे कृत्य आहे.

आर्थिक प्रकारावर मात्र थांबायला हवे, कारण गावात तो कुणाला हिंसाचार वाटतच नाही. पाठाचा आशय असा: कायद्याने किंवा रूढीने तिला ज्या साधनांवर हक्क आहे, किंवा तिला व तिच्या मुलांना ज्यांची गरज आहे, त्यांपासून तिला वंचित ठेवणे. आता हे राजूरच्या बाजाराला लावून पाहा. हिरडा वेचायला ती जाते, वाळवते ती, गोण्या भरते ती. विकायला तो जातो. पैसे त्याच्या खिशात, आणि संध्याकाळी घरात मीठ-तेल नाही. आळेफाटा-नारायणगावकडे मजुरीला गेलेल्या जोडप्याचे पाहा: दोघांची मजुरी मुकादम एकाच्याच हातात देतो. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि उचल घेणारा हात बहुधा त्याचा असतो. याचा अर्थ प्रत्येक मुकादमी व्यवहार हिंसाचार ठरतो असा नाही. कलम ३ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणाने सांगितले आहे की कृत्य हिंसाचारात मोडते की नाही हे ठरवताना एकूण सारी परिस्थिती पाहावी. तिने कमावले, तिला गरज होती, तिने मागितले आणि तिला अडवले, ही साखळी जुळली की मग शंकेला जागा उरत नाही.

आणखी एक बारकावा. कलम ३ च्या पहिल्या खंडात इजा केली, एवढ्यावर वाक्य थांबत नाही. आरोग्य, सुरक्षितता, जीव, अवयव किंवा सुस्थिती धोक्यात आणणारे, किंवा तसे घडवण्याकडे ज्याचा कल आहे, असेही वर्तन त्यात घेतले आहे. हुंड्याच्या खंडात मात्र ‘भाग पाडण्याच्या हेतूने’ असे शब्द आहेत. म्हणजे जिथे हेतू हवा तिथे पाठाने तो लिहिला आहे आणि पहिल्या खंडात लिहिलेला नाही. ‘तो शुद्धीत नव्हता, त्याच्या मनात तसं नव्हतं’ हे गावात नेहमी ऐकू येणारे वाक्य पहिल्या खंडापुढे टिकत नाही. दारू प्यायलेल्या हाताने बसलेला मारही मारच.

येथे आपल्या भागापुरती एक मोठी शंका उभी राहते. अकोले तालुक्याचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. महादेव कोळी आणि ठाकर समाज इथे मोठा आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २(२) नुसार तो कायदा अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. मग हा कायदा तरी लागू होतो काय? होतो. कलम २(क), म्हणजे इंग्रजी पाठातले २(ए), ‘कोणतीही स्त्री’ असे म्हणते. धर्म किंवा जमात यांचा अपवाद कुठेही नाही. कलम २(च), म्हणजे २(एफ), रक्ताचे नाते, विवाह, विवाहासारखे नाते, दत्तक आणि एकत्र कुटुंब हे सगळे ‘कौटुंबिक संबंधा’त घेते. याचा अर्थ लग्न रीतिरिवाजाने लागले, भटजी होता की नव्हता, नोंदणी झाली की नाही, या प्रश्नांत माहिती देणाऱ्याने अडकू नये. एकत्र राहत होते की नाही, एवढे त्याने पाहावे. माझ्या मते आदिवासी बाईच्या दृष्टीने या अधिनियमाचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे, आणि तिला तो कुणी सांगत नाही.

‘घडले आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे’. तीन काळ. पहिला सगळ्यांना कळतो. दुसऱ्यात निकड आहे: आवाज आत्ता येतो आहे. या अधिनियमाखालच्या २००६ च्या नियमांतला नियम ९ अशा तातडीसाठीच आहे. त्यात फोनवरून वा ई-मेलने माहिती मिळाली, तरी संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांची मदत घेऊन जागेवर जायचे आहे. राजूरला पोलीस ठाणे आहे, त्यामुळे अशा वेळी संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता शोधत बसण्याचे कारण नाही. ११२ लावावा. महिलांसाठी १८१ आहेच.

तिसरा काळ कठीण आहे, आणि पाठाचे सारे बळ त्यातच आहे. ‘संभव आहे’ म्हणजे नुसते वाटणे नव्हे, आणि खात्रीही नव्हे. दोहोंच्या मधली जागा. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी एखाद्या घरी काय होणार, हे वाडीतल्या बायकांना दुपारीच ठाऊक असते. पोरांना आधीच दुसऱ्या घरी झोपायला पाठवलेले असते. ही जाण म्हणजे संभव. मागच्या वेळचे आठवते, आजची चिन्हे दिसतात, आणि दोन्ही जुळतात.

हा शब्द कायद्यात नसणे महाराष्ट्राला किती महाग पडले आहे, हे समजण्यासाठी पुण्याची मंजुश्री सारडा आठवावी लागते. १९८२ साली तिचा मृत्यू झाला. मृत्यूपूर्वी तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती आणि त्यांत सासरच्या जगण्याचे दुःख होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पतीला निर्दोष सोडले. त्या निकालाची चर्चा आपला विषय नाही. परिस्थितिजन्य पुराव्याबद्दल आणि मृत्यूपूर्वीच्या निवेदनाबद्दल तो निकाल आजही न्यायालयात वाचला जातो. आपला मुद्दा एवढाच की पत्रे पोचली होती. घडण्याआधीचे दुःख कागदावर आलेले होते, जवळच्या माणसांच्या हातात होते, पण ते कुठे द्यायचे याची सोय १९८२ च्या कायद्यात नव्हती. त्या घटनेनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात नारी समता मंच उभा केला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले. ‘घडण्याचा संभव आहे’ हे शब्द वाचताना तू ती पत्रे डोळ्यांपुढे ठेव. कायद्याने तेवीस वर्षांनी त्यांना पत्ता दिला.

‘मानण्यास कारण’. कारण म्हणजे पुरावा नव्हे. भारतीय दंड संहितेच्या कलम २६ मध्ये याची व्याख्या होती आणि तीच नव्या भारतीय न्याय संहितेतही आली आहे: एखादी गोष्ट मानायला पुरेसे कारण असेल तर, एरवी नाही. म्हणजे ऐकीव चावडीगप्पा पुरत नाहीत. पण सूज दिसली, रडणे ऐकू आले, पोर शाळेत घाबरून बसले, बाई चार दिवस घराबाहेर दिसली नाही, यांतले एकही पुरेसे ठरू शकते. शहानिशा करणे हे माहिती देणाऱ्याचे काम नाही. ते संरक्षण अधिकाऱ्याचे आहे.

‘देता येईल’. पाठात ‘दिली पाहिजे’ असे नाही. याचा अर्थ हा अधिकार आहे, सक्ती नाही. गप्प राहिल्याबद्दल शेजाऱ्याला शिक्षा नाही. मात्र याला एक अपवाद आहे आणि आपल्या भागात तो विसरता कामा नये. बायको अठरा वर्षांखालची असेल आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ लागू होतो. त्याच्या कलम १९ मध्ये ‘देता येईल’ नाही, ‘दिलीच पाहिजे’ आहे, आणि कलम २१ मध्ये न देणाऱ्याला शिक्षा आहे. लग्न झाले आहे, ही सबब तिथे चालत नाही. पोलीस पाटलाचे स्थानही वेगळे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली गावातल्या गुन्ह्यांची खबर पोलिसांना देणे हे त्याचे कर्तव्यच आहे. तो ‘कोणतीही व्यक्ती’ही आहे आणि त्याहून अधिकही.

‘माहिती’. हाच या वाक्याचा गाभा, आणि गावाचा गोंधळ होतो तोही इथेच. पाठ शेजाऱ्याकडून माहिती मागतो, निवाडा मागत नाही. गाव मात्र नेमके उलटे करते: माहिती कुठेच देत नाही आणि निवाडा घरीच देऊन मोकळे होते.

कसा ते बघ. बाई मार खाऊन माहेरी येते. दोन-तीन दिवसांत सासरकडून निरोप येतो. मग बैठक बसते. दोन्हीकडचे चार शहाणे लोक, एखादा पुढारी. चहा होतो. पहिला प्रश्न विचारला जातो तो बाईला: ‘तू काय बोलली व्हतीस?’ दुसरा तिच्या बापाला: ‘पोरीला समजावून सांगितलं नाही का?’ नवऱ्याला कुणी म्हणतो, ‘दारू जरा कमी कर.’ तो मान हलवतो. मग ठरते की पोरीला नांदायला पाठवायचे. बैठकीत ती बसलेली असते दाराआड, आणि तिला काय हवे हे विचारायचे राहून जाते. ‘भांड्याला भांडं लागायचंच’ असे म्हणत मंडळी उठतात.

या बैठकीत वाईट माणसे असतात असे मी म्हणत नाही. बहुतेकांना संसार मोडू नये असे मनापासून वाटते. पण १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून, ‘तंटा मिटवणे’ या शब्दाला जे पुण्य चिकटले ते मारहाणीलाही चिकटले, असे माझे मत आहे. बांधाचा तंटा मिटू शकतो, कारण दोन्हीकडे एकेक बांध असतो. मारहाणीत एकीकडे हात असतो आणि दुसरीकडे अंग. तिथे ‘दोघांनी थोडे थोडे सोडा’ याचा अर्थ तिने आणखी थोडे सोसावे, एवढाच होतो.

कायदा स्वतः समुपदेशनाच्या विरोधात नाही. कलम १४ मध्ये दंडाधिकारी ते करायला सांगू शकतो. मात्र २००६ च्या नियमांतला नियम १४ वाच, आणि तो आपल्या बैठकीशेजारी ठेव. समुपदेशन सुरू होण्याआधीच नवऱ्याला सांगायचे आहे की हिंसाचाराचे कोणतेही समर्थन इथे ऐकले जाणार नाही. म्हणजे ‘तिनं उलट उत्तर दिलं म्हणून’ हे वाक्य नियमानेच बाद. हिंसा पुन्हा करणार नाही अशी हमी आधी. तडजोडीचा प्रयत्न नंतर, आणि तोही तिला हवा असेल तरच. आपल्या बैठकीत हा क्रम उलटा चालतो: समर्थन आधी, तडजोड नंतर, हमी कधीच नाही. गावाला समजूत काढायचीच असेल तर नियम १४ चा क्रम त्याला कुणी मना केलेला नाही.

येथे पूर्वपक्ष असा: पंचायत विस्तार अधिनियम, १९९६, ज्याला आपण ‘पेसा’ म्हणतो, त्याच्या कलम ४(घ) ने ग्रामसभेला रूढी, परंपरा आणि तंटे सोडवण्याची पारंपरिक पद्धत जपण्यास सक्षम ठरवले आहे. मग अनुसूचित क्षेत्रात बैठकीचा निवाडाच अंतिम का मानू नये? पूर्वपक्ष जोरदार आहे, त्याला हलक्यावारी घेऊ नकोस. आदिवासींच्या न्यायव्यवस्थेला बाहेरच्यांनी कमी लेखले आहे, हे खरेच. उत्तर असे. कलम ४(घ) ग्रामसभेला जपण्याचा अधिकार देते. बाईला दुसरीकडे जाण्यास मनाई करण्याचा अधिकार देत नाही. ‘हीच पद्धत, दुसरी नाही’ असे शब्द त्यात नाहीत. शिवाय २००५ च्या अधिनियमाचे कलम ३६ म्हणते की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांना कमी करणारा नाही. म्हणून दोन्ही पाठ एकत्र उभे राहतात. ग्रामसभेने जपायचे ते बैठकीतले चांगले: सगळ्यांसमोर बोलणे, लवकर बोलणे, पैसे न घेता बोलणे. बाईचे तोंड बंद करणे ही परंपरा म्हणून कुणी जपायला सांगितलेली नाही. आणि ग्रामसभेत बायकाही बसतात, ती फक्त पुरुषांची बैठक नाही, हेही याच पाठात गर्भित आहे.

त्याच ‘पेसा’च्या कलम ४(ड)(१), म्हणजे इंग्रजी पाठातल्या ४(एम)(आय) खाली, ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकार मिळायला हवा, असे सांगितले आहे. महाराष्ट्रात सगळ्याच गावांसाठी दारूची दुकाने बंद करण्याबाबत २५ मार्च २००८ चा आदेश आहे: एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला पडली की दुकान बंद. मारहाणीला समाजाने दिलेले हे आपल्याकडचे सगळ्यात जोरकस उत्तर आहे, आणि ते बायकांनी दिले आहे. त्याबद्दल मला फार आदर वाटतो. पण हे उत्तर संभव कमी करते, माहितीची जागा घेत नाही. दुकान बंद झाले म्हणून शेजारची बाई सुरक्षित झाली असे समजून कुणी कान मिटू नये.

माहिती दिली की लगेच खटला उभा राहतो, ही भीती खोटी आहे. नियम ४ नुसार माहिती तोंडीही देता येते. अधिकारी ती लिहून घेतो, सांगणाऱ्याची सही घेतो आणि त्याची प्रत फुकट देतो. पुढे कलम ९ पाहा: अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून दंडाधिकाऱ्याकडे पाठवतो, पण आदेशांसाठीचा अर्ज ‘पीडितेची इच्छा असेल तर’ करतो. इथे तिच्या इच्छेला जागा मिळाली. म्हणजे शेजाऱ्याने दार ठोठावले, उघडायचे की नाही हे तिच्या हातात. मात्र जखमा गंभीर असतील तर गोष्ट वेगळी. कलम ५ चे परंतुक सांगते की दखलपात्र गुन्हा दिसला तर पोलिसांचे कर्तव्य या कायद्याने संपत नाही. दंड संहितेतले पूर्वीचे ४९८-अ, म्हणजे नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या क्रूरतेचे कलम, आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आहे, १ जुलै २०२४ पासून.

‘संबंधित संरक्षण अधिकाऱ्याला’. कलम ८ खाली राज्य सरकार हे अधिकारी नेमते, शक्यतो स्त्रिया. ‘संबंधित’ म्हणजे त्या क्षेत्राचा. इथे पाठ स्वच्छ आहे आणि वाट अवघड. जिल्ह्याचे ठिकाण, पूर्वीचे नगर आणि आताचे अहिल्यानगर, राजूरहून शंभर किलोमीटरपेक्षा लांब. तालुक्याचे न्यायालय अकोल्याला. घाटघर किंवा साम्रदच्या बाईला राजूरच लांब, तिथे नगर कुठून आणायचे? २०२५ मध्ये ‘वी द विमेन ऑफ इंडिया’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावले की जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या महिला व बालविकास अधिकाऱ्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नियुक्त करावे. म्हणजे एकोणीस वर्षांनीही हे सांगावे लागले. तू गावात काम करणार असशील तर आधी एकच काम कर: अकोले तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि नंबर मिळव आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लाव. दंडाधिकाऱ्याने संरक्षण आदेशात सोपवलेले काम अधिकाऱ्याने पुरेशा कारणाशिवाय टाळले तर त्याला शिक्षेची तरतूद कलम ३३ मध्ये आहे, हेही लक्षात असू दे.

एकाच ठिकाणी माहिती का जमा करायची, याला बाहेरचाही एक दाखला आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पोलीस, न्यायालय आणि स्त्रियांचे आश्रयगृह यांना एकमेकांशी बांधून घेतले, कारण प्रत्येक दारात बाईला तीच कहाणी पुन्हा सांगावी लागत होती. आपल्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिलांसाठी विशेष कक्ष उघडला, तोही याच विचाराने. आपल्या कायद्यात हे काम नियम ५ चा घटना-अहवाल करतो: एकदा नीट लिहिलेला कागद दंडाधिकाऱ्यापुढेही जातो आणि पोलीस ठाण्यातही.

आता पोटकलम (२). ‘सद्भावनेने’. इथे दोन अर्थ समोर येतात. दंड संहितेच्या परंपरेत सद्भावना म्हणजे योग्य काळजी आणि लक्ष. काळजी घेतली नाही तर सद्भावना नाही. पण २००५ च्या अधिनियमात याची स्वतंत्र व्याख्या नाही. अशा वेळी सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ चे कलम ३(२२) लागते. ते म्हणते: प्रामाणिकपणे केले तर ते सद्भावनेने केले, हयगय झाली असली तरी. मी हा दुसरा अर्थ घेतो. याचे फळ मोठे आहे. शेजाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले आणि पुढे त्याचा अंदाज चुकला, तरी त्याला संरक्षण आहे. सूड म्हणून खोटे सांगितले तर नाही. जमिनीच्या वादातून कुणाला गोवणारा इथे बाहेरच राहतो.

‘दिवाणी किंवा फौजदारी दायित्व’. म्हणजे अब्रुनुकसानीचा दावा नाही, खोट्या फिर्यादीचा खटला नाही. पाठाचे संरक्षण इथवर. आणि शंका इथेच उरते. गावात माणूस न्यायालयाला तेवढा भीत नाही जेवढा भावकीला भितो. कलम ४ च्या दुसऱ्या वाक्याने कोर्टाची भीती काढली. पण उद्या पाणी बंद, लग्नकार्यात बोलावणे बंद, बैठकीत दंड, असे झाले तर? त्याचे उत्तर या कलमात नाही. ते दुसऱ्या पाठात आहे: महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६. तो जुलै २०१७ पासून अमलात आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतीने ठराव केला तर त्यातल्यांवरही. माझ्या मते कलम ४(२) एकटे वाचले तर अपुरे आहे. २०१६ च्या अधिनियमाशी जोडून वाचले की ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांना पाठबळ मिळते. पीडितेची आई, तिला घरात ठेवून घेणारी मावशी, अंगणवाडीतून फोन लावणारी सेविका, या तिघीही त्यात सुरक्षित होतात. तू जो नंबर भिंतीवर लावशील, त्याखाली या अधिनियमाचे नावही लिही.